आधी पाठीचा फोटो

पोरी, तू पाठवलेले फोटो पाहिले. त्या कोळ्याचे समोरचे दोन डोळे असे काळेभोर, पाणीदार आलेत की तुझ्या कॉलेजात सगळ्यांनी वाहवा केली असेल. मीही केली. पण 'आत्या, हा कोणता गं?' असं तू विचारलंस आणि माझी पंचाईत झाली. सगळे फोटो समोरून. पाठ दिसत नाही, पोटावरची नक्षी दिसत नाही, तो भिंतीवर होता की तुरीच्या शेंगेवर, तेही कळत नाही. नुसत्या चेहऱ्यावरून मीच काय, या विषयात आयुष्य घालवलेला माणूसही नाव सांगायला कचरेल. म्हणून कानात सांगायची पहिली गोष्ट हीच: आधी पाठीचा फोटो. सरळ वरून, डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत अख्खा कोळी, आठही पायांसकट. तो फोटो देखणा येत नाही. नको येऊ दे. डोळ्यांचं कौतुक त्यानंतर करू.

उडी मारणारा कोळी आहे एवढं ओळखणं अवघड नाही. हा जाळं विणून वाट बघत बसत नाही. हेरतो, दबा धरतो आणि झडप घालतो. डोक्याचा पुढचा भाग चौकोनी, समोर चार डोळ्यांची रांग, त्यातले मधले दोन ठळक मोठे. उरलेले चार डोक्याच्या कडेला मागच्या बाजूला, आणि त्यातले दोन तर भिंगाशिवाय सापडायचे नाहीत. या सगळ्यापेक्षा पक्की खूण म्हणजे त्याचं वागणं. बोट हळूच जवळ ने. दुसरे कोळी पळतात किंवा मेल्यासारखे पडून राहतात; हा वळून तुझ्याकडे बघतो.

फसवणारे दोघं आहेत आपल्याकडे. एक लांडगा कोळी. सोयाबीन काढून झाल्यावर काळ्या रानातल्या भेगांमधून पळताना दिसतो तो. त्याचेही दोन डोळे मोठे, पण खाली चार बारीक, मध्ये दोन मोठे आणि वर दोन, अशा तीन ओळी. रात्री बॅटरी कपाळाशी धरून बांधावर उजेड टाकलास तर त्याचे डोळे चमकतात. उडी मारणाऱ्यांचे असे चमकत नाहीत. शिवाय ते दिवसाचे शिकारी, रात्री पानाच्या घडीत रेशमाची पिशवी करून आत झोपतात. दुसरा लिंक्स कोळी. तुरीवर हमखास असतो, आणि लबाड उडीही मारतो. पण त्याच्या पायांवर लांब काटे असतात आणि पोट मागे निमुळतं होतं. पाय काटेरी दिसले की थांबायचं आणि डोळ्यांची मांडणी बघायची.

सुरुवात घरातूनच कर. किनवटच्या जंगलात जायची घाई नको. लातूर-नांदेडच्या कुठल्याही घरात दोन-तीन जाती फुकट राहतात. चुन्याच्या किंवा रंगवलेल्या भिंतीवर, ऊन येतं त्या बाजूला, चपटा करडा कोळी माश्यांवर टपलेला असतो, तो मेनेमेरस बायविट्टाटस. मादीच्या पोटाच्या कडेने काळपट पट्टे, नराच्या मधोमध गडद पट्टी. दाराच्या चौकटीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, ट्यूबलाइटच्या आसपास जरा थोराड प्लेक्सिपस पायकुली. त्याचा नर काळा, मधोमध आणि दोन्ही कडांना पांढरे पट्टे, पोटाच्या शेवटाकडे दोन पांढरे ठिपके. मादी मात्र मातकट तपकिरी, मधून फिकट पट्टी. नवखी माणसं या दोघांची दोन वेगळ्या जाती म्हणून नोंद करून मोकळी होतात. आणि न्हाणीघरात, कुंड्यांच्या आडोशाला, सावली नि ओल असेल तिथे हसारियस अडॅन्सोनी. नर काळा, पोटाच्या पुढच्या काठावर पांढरी चंद्रकोर, आणि तोंडाजवळचे दोन आखूड अवयव पांढरे, ते सारखे वरखाली हलवत असतो.

त्या आखूड अवयवांकडे नीट बघायला शीक. त्यांना पाल्प म्हणतात. पाल्पचं टोक फुगीर असेल तर तो वयात आलेला नर. सडपातळ, सरळ असेल तर मादी किंवा पिल्लू. पाल्पच्या त्या टोकाची आणि मादीच्या पोटाखालच्या जननांगाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच बहुतेक जाती पक्क्या ठरतात. म्हणजे फोटोवरून पुष्कळदा फक्त प्रजातीपर्यंतच पोचता येतं, पुढचं जातीचं नाव लागत नाही. जगात या एकाच कुळात सहा हजारांहून जास्त जाती आहेत, कोळ्यांचं सगळ्यात मोठं कुळ हे; भारतातल्या तीनशेच्या घरात आहेत. तेव्हा 'फिंटेला, जात माहीत नाही' असं लिहायला लाजू नकोस. चुकीचं पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा बरोबर अर्धं नाव लाखमोलाचं. आणि पिल्लांच्या बाबतीत तर हात टेकायचेच. रंग अजून आलेला नसतो.

दोन मात्र फोटोवरून ओळखता येतात, म्हणून सांगते. टेलॅमोनिया डिमिडियाटा ही त्यातली एक. तिची मादी फिकट पिवळसर, पोटावर दोन लाल उभ्या रेघा. हिचं नाव तू व्हॉट्सअॅपवर वाचलं असशील, विमानतळाच्या संडासात बसून माणसं मारणारी कोळीण म्हणून. निव्वळ थाप आहे. 1999 मध्ये कुणीतरी एका बनावट कोळ्याच्या नावाने ती ई-मेल सोडली आणि 2002 मध्ये त्यात या बिचारीचं नाव घुसडलं. ती माश्या-किडे खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. दुसरा मुंगीसारखा दिसणारा, मिरमारॅकनी आणि त्याचे भाऊबंद. पुढचे दोन पाय मुंगीच्या मिशांसारखे उचलून चालतो. पाय मोज: मुंगीला सहा आणि वर मिशा, याला आठ. नराचे जबडे तर इतके लांब की मुंगीने काहीतरी तोंडात धरलंय असं वाटावं. आंब्यावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या असतील तिथे त्यांची नक्कल करणारा शोध. फक्त फांदीला हात लावायच्या आधी बाह्या खाली कर. त्या मुंग्या चावल्या म्हणजे कोळी-बिळी सगळं विसरायला होतं.

आता फोटोचं. तुझ्याकडे मोबाइल आहे, त्यावर चिमट्याने बसवायचं मॅक्रो भिंग घे. काही महिने तेवढ्यावर काढ. नंतर कुणाचा जुना कॅमेरा मिळाला तर त्याची नेहमीची लेन्स उलटी बसवायची कडी मिळते. ती लावली की तीच लेन्स भिंगाचं काम करते. लाखाची मॅक्रो लेन्स घ्यायला माझी ना नाही, पण ती आल्यावर कोळी आपणहून पोज देतात असा समज करून घेऊ नकोस.

इतक्या जवळून फोटो काढताना एखादा मिलिमीटरच काय तो स्पष्ट येतो; डोळे आले तर पाठ धूसर, पाठ आली तर पाय धूसर. म्हणून फोकस एकदा पक्का करायचा आणि मग बोटाने स्क्रीन टोचत न बसता अंगच केसभर पुढेमागे करायचं. कोपरं टेकव. जमिनीवर, गुडघ्यावर, भिंतीवर, जिथे टेकतील तिथे. श्वास सोडून झाल्यावरचा क्षण साध आणि एकामागून एक फोटो घेत जा, नंतर निवडू. कॅमेरा असेल तर छिद्र बारीक ठेव, एफ 11 च्या आसपास, आणि फ्लॅश लाव. पण उघडा फ्लॅश नको. या कोळ्यांच्या अंगावर चकचकीत खवल्यांसारखे केस असतात, त्यावर फ्लॅश पडला की सगळं पांढरं फटक. दह्याचा पांढरा डबा कापून, नाहीतर मिठाईवाल्याकडचा बटर पेपर दोन पदरी करून पुढे धर. दुपारच्या उन्हात तर मी माझा पांढरा पदरच वर धरायची. तू ओढणी धर.

उजेडाबरोबर सावलीचंही बघ. तुझी सावली त्याच्यावर पडली की गेला. कडेच्या डोळ्यांनी त्याला जवळजवळ चहूबाजूंचं हललेलं कळतं, त्यामुळे मागून गेलीस म्हणून तो फसत नाही. उलट समोरूनच जा, सावकाश, बस, त्याला तुला बघू दे. एकदा बघून झालं की बऱ्याचदा तो आपल्या कामाला लागतो. आणि एक मजा सांगते, ही माझी आवडती. त्याचे समोरचे डोळे दुर्बिणीच्या नळीसारखे लांबट असतात आणि नळीच्या तळाशी असलेला पडदा तो आतल्या आत फिरवतो, भिंग जागचं हलत नाही. तो तुझ्याकडे रोखून बघत असतो तेव्हा डोळा काळा कुळकुळीत दिसतो. नजर दुसरीकडे वळवली की तोच डोळा तपकिरी, हिरवट होतो. तेव्हा डोळा काळा झाला की बटण दाब. तुझ्या त्या फोटोत डोळे असे भरून आलेत ते याच कारणाने, हे तुला माहीत नव्हतं ना?

जाता जाता, त्या न्हाणीघरातल्या हसारियसवर जपानी संशोधकांनी 2012 मध्ये प्रयोग केला होता. त्याच्या डोळ्याच्या पडद्याला चार थर असतात. एका थरावर हिरव्या उजेडातलं चित्र स्पष्ट येतं, दुसऱ्यावर तेच पुसट. किती पुसट, त्यावरून त्याला अंतराचा अंदाज येतो. नुसत्या लाल उजेडात ठेवलं तर उडी कमी पडायची. तुझे ते वन्यजीववाले मित्र रात्री लाल बॅटरी घेऊन फिरतात ना, त्यांना सांग. उडीसुद्धा मांड्यांच्या जोरावर नसते. अंगातल्या द्रवाचा दाब एकदम वाढवून तो मागचे पाय ताठ करतो, आणि उडण्याआधी रेशमाचा धागा चिकटवून ठेवतो. चुकला तर त्या धाग्याला लटकतो. फोटोत तो धागा आला तर कापून टाकू नकोस.

प्रत्येक कोळ्याचे चार फोटो हवेत: वरून, समोरून, बाजूने, आणि जरा लांबून, जागा दिसेल असा. काचेवर किंवा स्वच्छ डबीत मिळाला तर पोटाखालून पाचवा. तो निघून गेल्यावर त्याच पानाशेजारी पट्टी ठेवून एक फोटो घे, म्हणजे आकार कळतो. 'बोटाएवढा होता' यावर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण आपल्याकडचे बहुतेक एक सेंटिमीटरच्या आतबाहेरच असतात. डबीत ठेवलास तर पाच-दहा मिनिटं, तेही सावलीत, आणि सोडायचा तिथेच. फ्रिजमध्ये गार करून सुस्त केलेल्या कोळ्याचे, रंगीत कागदावर बसवलेल्या कोळ्याचे फोटो तुला इंटरनेटवर दिसतील. ते करायचं नाही. पाय आखडून बसलेला कोळी जाणकाराला लगेच ओळखू येतो, आणि मग तुझ्या बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. रेशमी घरट्यात अंडी घेऊन बसलेल्या मादीला तर हातही लावायचा नाही.

कधी जायचं? मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत, त्यानंतर ना तू टिकशील ना कोळी दिसेल. खरा हंगाम पाऊस रुजल्यावर, श्रावणापासून दिवाळीपर्यंत. थंडीत फार लवकर उठायची गरज नाही. ऊन अंगाला लागेपर्यंत तेही बाहेर पडत नाहीत. बाभूळ, बोर, रुई, घाणेरी यांची पानं उलटीपालटी करून बघ. फांदीखाली उलटी उघडलेली छत्री धरून फांदी हलकेच झटकली तर काय काय पडतं ते बघून थक्क होशील. पांढरी छत्री मिळाली तर उत्तम.

नांदेडला तुझ्या जवळच विष्णुपुरीचं विद्यापीठ आहे, मोकळं रान, झाडं, गोदावरीकाठ. आधी तिथे वर्ष काढ. लातूरकडे आलीस की वडवळ नागनाथच्या बेटावर जाऊ. औषधी वनस्पतींसाठी त्या टेकडीचं नाव आहे, आणि जिथे झाडांचे इतके प्रकार तिथे किड्यांचे नि कोळ्यांचेही. कंधार, औसा, उदगीर या किल्ल्यांच्या तटावर दगडांच्या सांध्यांमध्ये वेगळेच सापडतात. पण तटावर हात घालायच्या आधी वर बघ. आग्या मोहोळ असेल तर फ्लॅश बंद आणि मागे फिर. दगड उचलताना आपल्याकडे ओढून उचल, म्हणजे पलीकडून निघालेला विंचू किंवा फुरसं तुझ्याकडे येत नाही. किनवट-माहूरकडे सागाचं जंगल आहे, तिकडचा काही भाग पैनगंगा अभयारण्यात येतो. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही आणि एकही जीव उचलायचा नाही. एकटी तर कुठेच जाऊ नकोस. हे आत्या म्हणून सांगते.

शेतात शिरताना आधी राम राम. आपल्याकडे बांधावर वाकून मोबाइलने फोटो काढणारं माणूस दिसलं की लोकांना वाटतं पीकविम्याचा पंचनामा आला. 'मॅडम, आमच्या पण गटाचा घ्या' म्हणतील. हसू नकोस, नीट सांग. आणि फवारणी कधी झाली ते विचारून घे. सोयाबीनवर नुकताच फवारा झालेला असेल तर त्या बांधावर लोळून फोटो काढायचे नाहीत. तिथे मिळणारही नाही काही. कोळी मेल्यावर अळीचं काय होतं, हे तिथे बोलायची संधी मिळाली तर बोल. उपदेश न करता. एखाद्या काकांना भिंगातून डोळे दाखवलेस तर पुढच्या वेळी तेच कोळी कुठे आहे ते दाखवतील.

नोंदीचं सांगायला हवं, कारण फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवणारे पुष्कळ. ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतःच्या गटात उभं राहूनच पिकाचा फोटो घ्यावा लागतो, घरी बसून चालत नाही, तसंच इथे. ठिकाण, तारीख आणि फोटो यांची गाठ सुटली की नोंद गेली. मोबाइलचं लोकेशन चालू ठेव. झाड कोणतं, जमिनीपासून किती उंच, काय खात होता, हे वहीत तिथल्या तिथे लिही. मग आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाक. आयनॅचरलिस्ट आपणहून नाव सुचवतं. त्यावर भुलू नकोस. ज्या जातींचे फोटो जगभरातून ढिगाने आलेत त्याच त्याला जास्त ओळखता येतात, म्हणून अधूनमधून नांदेडच्या कोळ्याला अमेरिकेतलं नाव चिकटवतं. ती जात भारतात सापडते का हे आधी बघायचं. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग बर्नच्या संग्रहालयाकडून चालतो, इंटरनेटवर फुकट आहे. नाव चालू आहे की बदललं तेही तिथे कळतं. टिकादरांचं 1987 चं भारतीय कोळ्यांवरचं हँडबुक माझ्याकडे आहे, ते तुला देईन, चित्रं अजून उपयोगी पडतात. पण त्यातली कितीतरी नावं आता वेगळ्या प्रजातीत गेलीत. तो लाल मुंग्यांची नक्कल करणारा आधी मिरमारॅकनी होता, आता मिरमाप्लाटा आहे. कुणी तज्ज्ञाने तुझं नाव खोडून दुसरं सुचवलं तर वाद घालण्याआधी कारण विचार. बहुतेक जण आनंदाने सांगतात.

तू म्हणशील, आपल्या घरच्या भिंतीवरच्या कोळ्याची नोंद कोण वाचणार? 2021 मध्ये ठाणे-कल्याण पट्ट्यातून उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात नोंदली गेली, आयसियस तुकारामी. 26/11 ला कसाबला घट्ट धरून ठेवणारे पोलीस तुकाराम ओंबळे, त्यांचं नाव. त्याच वेळी मुंबईच्या आरे वसाहतीतून फिंटेलाची एक नवी जात. शहरातले कोळी हे, दुर्गम जंगलातले नव्हेत. मुंबई-ठाण्याकडे बघणारे डोळे जास्त, म्हणून तिकडे नवे सापडतात, असं माझं मत आहे. आपल्या तुरीत, आपल्या बाभळीवर काय आहे ते अजून कुणी धड बघितलेलं नाही. नवी जात सापडली असं तुला वाटलं तरी लगेच गावभर करू नकोस. नव्या जातीला नमुना लागतो, अभ्यास लागतो, शास्त्रीय पत्रिकेत छापून यावं लागतं, त्यात वर्षं जातात. तुझं काम फोटो आणि ठिकाण नीट ठेवणं.

आणि हो, पुढच्या वेळी फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवू नकोस, ते दाबून बारीक करतं आणि ठिकाणही पुसतं. डॉक्युमेंट म्हणून पाठव, किंवा ई-मेल कर. आत्ता तुझ्या मोबाइलमध्ये त्या कोळ्याचा वरून काढलेला एखादा वाईट, हललेला फोटो पडून असेलच; तो न पुसता तसाच पाठव, झाडाचं नाव लिहून.